आगेऱ्याची कटलेटं

मम्मींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. तीन महिने ओट्याशी उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि त्याच संध्याकाळी घरात प्रश्न निघाला: यंदा आगेऱ्याला डुकराचं कोण करणार?

मम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. ठाण्यात कोलबाडला आमचं घर, आणि घर ईस्ट इंडियन. म्हणजे इथलेच, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ख्रिस्ती. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी त्यांनी हे नाव घेतलं, त्यामुळे बाहेरच्यांना ते परकं वाटतं. पण स्वयंपाकघरात कान दिला तर सगळी बोलणी मराठीतच. ऑक्टोबरचा पहिला रविवार हा यांचा आगेरा, नव्या भाताचा सण. शेतातल्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात, मग त्या लोंब्या घरोघर येतात. कोलबाडात आता शेत औषधालाही उरलेलं नाही, तरी आमच्या दारावर दरवर्षी लोंबी लागते. आणि त्या दुपारी ताटात मम्मींचं पोर्क इंद्याल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, आणि फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव असतात.

मी साताऱ्याकडची. माहेरी रविवारी मटण असायचं, डुकराचं मांस कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली, आता मी ते आवडीने खाते आणि इंद्यालही मला येतं. पण मम्मी समोर जेवायला बसलेल्या असताना, त्यांच्या हाताची चव सगळ्यांच्या जिभेवर असताना, ताटात माझं इंद्याल पडावं हे मनाला पटेना. त्या म्हणाल्या असत्या, ‘छान झालंय गं.’ त्या तसं म्हणाल्या असत्या म्हणूनच मला ते नको होतं.

म्हणून मी पोर्क कटलेट करायचं ठरवलं. पातळ बडवलेला मांसाचा काप, त्याला मैदा, अंडं आणि पावाचा चुरा, आणि तळून कुरकुरीत. युरोपात याला श्नित्सेल म्हणतात. व्हिएन्नाचं मूळचं श्नित्सेल वासराच्या मांसाचं असतं. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत ‘वीनर श्नित्सेल’ एवढंच नाव लावायचं तर वासराचंच मांस हवं, असा तिथे नियमच आहे. डुकराचं केलं तर नाव वेगळं लिहावं लागतं. जपानात याच पदार्थाचं तोनकात्सु झालं. ‘कात्सु’ हा जपानी तोंडात बसलेला ‘कटलेट’च, आणि ‘कटलेट’ आला फ्रेंच ‘कोतलेत’मधून, म्हणजे फासळीचा तुकडा. आपल्याकडे तोच शब्द इंग्रजांबरोबर येऊन बटाटा-वाटाण्याच्या टिक्कीवर जाऊन बसला. माझ्या चौदा वर्षांच्या लेकाला कात्सुचं वेड आहे, आणि एक पदार्थ आजी आणि नातू दोघांच्याही ताटात शोभेल तर बरं, असा माझा हिशेब होता.

मम्मींनी एकच अट घातली. ‘काय पण कर. पण आंबट पाहिजे. डुकराला आंबट नाय तर घशाखाली उतरत नाय.’

ही अट मी तेव्हा नुसती ऐकून घेतली. तिचा अर्थ कळायला मला तीन रविवार लागले.

आंबटासाठी इंद्यालात व्हिनेगर असतंच. वाइन आणि लसणात मांस मुरवण्याची रीत पोर्तुगीजांबरोबर आली आणि या किनाऱ्यावर वाइनच्या जागी व्हिनेगर आलं. कटलेटला मला फळ हवं होतं. सफरचंद आणि डुकराचं मांस ही युरोपातली जुनी जोडी आहे, आणि त्यामागे साधं कारण आहे: तिकडे शरद ऋतूत बागेत पडलेली सफरचंदं डुकरं खात, आणि थंडी सुरू होताना त्याच डुकरांची कत्तल होई. दोन्ही गोष्टी एकाच हंगामात घरात. आपल्याकडे शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, ऑक्टोबरचं ऊन. पण जांभळी नाक्याच्या बाजारात तेव्हा फळांची जी चंगळ असते ती वर्षात पुन्हा नाही. हिमाचल-काश्मीरची सफरचंदं, नाशपाती, पेरू, डाळिंबं, आणि टोपलीत कागदावर मांडून ठेवलेली सीताफळं.

माझं पहिलं मन सीताफळावर गेलं. महाराष्ट्रातला शरद म्हणजे सीताफळच, सासवडकडचं. त्याचा गर काढला, चाळणीतून बिया वेगळ्या केल्या, थोडं आलं घालून मंद आचेवर ठेवला. पाच मिनिटांत गर गुलाबी-तपकिरी झाला आणि चाखला तर कडू! आच जास्त झाली असेल म्हणून दुसऱ्या फळाचा गर आणखी मंद ठेवला, तरी तेच. नंतर कळलं की सीताफळाचा गर तापवला की कडवट होतोच. म्हणून तर रबडीत आणि आइस्क्रीममध्ये तो दूध गार झाल्यावर घालतात. दोन सुंदर सीताफळं फुकट गेली याचं मला खरंच वाईट वाटलं. सीताफळ नुसतं खावं, त्याला विस्तव दाखवू नये.

मग सफरचंद. सप्टेंबरच्या सुरुवातीला कटलेटाचा पहिला प्रयत्न केला आणि तो जवळजवळ सगळाच फसला. मांस एका कोल्ड स्टोरेजमधून आणलं होतं, ते आधी गोठवून वितळलेलं होतं. पिशवी उघडली तर तळाशी अर्धी वाटी गुलाबी पाणी. आणि मी काय केलं, तर फळाची चव आत मुरावी म्हणून लालभडक सफरचंद किसून त्यात काप रात्रभर ठेवले. सकाळी काप पाण्याने थबथबलेले. त्यावर मैदा लावला तर त्याची खळ झाली, अंडं घसरलं, आणि कढईत सोडल्यावर चुऱ्याचं कवच एका बाजूने सालीसारखं सुटून आलं. जिथे टिकलं तिथे सफरचंदाच्या साखरेने काळं पडलं, आतलं मांस शिजायच्या आधीच. लेकाने कवच वेगळं, मांस वेगळं खाल्लं आणि काही बोलला नाही.

त्या दिवशी दोन गोष्टी पक्क्या झाल्या. फळ मांसाच्या आत घालायचं नाही, ते बाहेर, वाटीत. आणि कुरकुरीतपणा हा कोरडेपणाचा खेळ आहे.

दुसरी गोष्ट ठाण्यात ऐकायला सोपी, करायला कठीण. सप्टेंबरात इथे पाऊस असतोच आणि हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटते. दुसऱ्या प्रयत्नाला मी चर्चजवळ रविवारी सकाळी बसणाऱ्या खाटकाकडून ताजं मांस आणलं. ते उत्तम होतं. पण चुरा मात्र गणपतीत फोडलेल्या पाकिटातला वापरला. चिमटीत घेतला तर बरा वाटला. दाबला तर आवाजच आला नाही. सादळलेला. त्यात घाई म्हणून छोट्या कढईत चार कटलेटं एकदम सोडली. तेल एकदम थंडावलं, बुडबुडे मंदावले, आणि कटलेटं तेल पीत बसली. कागदावर काढली तर कागद आरपार पारदर्शक.

इथे मी थांबून जरा वाचलं, विचार केला, कारण आता मला हे नीट जमायलाच हवं होतं. तळताना बाहेरच्या थरातलं पाणी वाफ होऊन जोराने बाहेर येतं आणि ती वाफच तेलाला आत शिरू देत नाही. तेल थंड पडलं की वाफेचा जोर गेला. पण मला सगळ्यात उपयोगी पडली ती पुढची गोष्ट: तेल जास्तकरून शोषलं जातं ते कढईतून काढल्यावर. बाहेर आल्यावर वाफ थंड होऊन आक्रसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढून घेते. म्हणजे कढईतून काढल्यावरची पहिली मिनिटं महत्त्वाची. तेव्हाच तेल निथळलं पाहिजे. कागदावर ठेवलं की खालची बाजू स्वतःच्याच वाफेत ओली होते. केक थंड करायची जाळी ताटावर ठेवून त्यावर कटलेट काढलं की दोन्ही बाजू मोकळ्या. आमच्या घरी ही जाळी नाताळच्या केकसाठी होतीच, वर्षातून एकदा निघायची.

तिसरा रविवार नवरात्रात आला. शेजारच्या काकूंचे नऊ दिवसांचे उपास, आमची आणि त्यांची भिंत एक. त्या भिंतीपलीकडे त्यांचा देव्हारा आहे. तळणीचा वास तिकडे जावा हे मला बरं वाटेना. म्हणून त्या रविवारी कढई ठेवलीच नाही, फक्त फळाच्या सॉसमागे लागले. आणि ते फार चांगलं झालं, कारण या पदार्थाचा जीव सॉसमध्ये आहे हे तळणीच्या गडबडीत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बाजारात लाल, चकचकीत मिळतं ते बहुतेक डिलिशस जातीचं सफरचंद. १९१६ साली सॅम्युएल स्टोक्स यांनी अमेरिकेतून त्याची रोपं आणून शिमल्याजवळ कोटगडला लावली आणि हिमाचलचं सफरचंद म्हणजे हेच झालं. खायला गोड, दिसायला सुरेख, पण आंबटपणा जेमतेम. शिजवलं की नुसता गोड लगदा. मी त्याचा सॉस केला, दालचिनी घातली, मम्मींपुढे वाटी ठेवली. त्यांनी बोट लावून चाखलं आणि म्हणाल्या, ‘हा शिरा हय.’

शिराच होता तो. मग मी पिवळं गोल्डन आणलं. ते लालपेक्षा थोडं आंबट असतं आणि शिजताना छान विरघळतं. सोबत पेरू घेतला, कारण बाजारातून येताना पिशवीत पेरूचाच वास भरून राहिला होता. पूर्ण पिकून पिवळा झालेला नाही, सालीवर अजून हिरवी झाक असलेला पेरू. त्यात आंबटपणा असतो, आणि त्यातल्या पेक्टिनने सॉस आपोआप दाटतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही. दोन गोल्डन सफरचंदं आणि दोन मध्यम पेरू, मिळून साधारण सहाशे ग्रॅम. पेरूच्या फोडी अर्धी वाटी पाण्यात मऊ शिजवून चाळणीवर घासून बिया काढायच्या. इथे आळस केला तर एकेक बी दाताखाली येते. कढईत चमचाभर तेलावर अर्धा कांदा बारीक चिरून मऊ करायचा, त्यावर बोटाच्या पेराएवढं आलं किसून, चार लवंगा, दालचिनीची एक काडी. मग सफरचंदाच्या फोडी सालीसकट, झाकण ठेवून दहा मिनिटं. त्यात पेरूचा गर, मोठा चमचाभर गूळ, मीठ.

आणि व्हिनेगर. पहिल्यांदा मी एक चमचा घातला आणि वाटी पुढे केली. मम्मींनी मान हलवली. दुसरा चमचा. पुन्हा मान. तिसरा मोठा चमचा घालून मी सॉस पाच मिनिटं उकळू दिला, म्हणजे व्हिनेगरचा नाकात जाणारा तिखटपणा उडाला आणि आंबटपणा राहिला. मग त्यांनी खुर्चीतूनच मसाल्याच्या बाटलीकडे बोट दाखवलं. आमच्याकडे उन्हाळ्यात बॉटल मसाला होतो. मिरच्या आणि वीसच्या वर जिन्नस भाजून, कुटून तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात, वर्षभर पुरतो. त्याची पाव चमचा चिमूट पडली आणि सॉस एकदम आपल्या घरचा झाला. गोड मागे सरकलं, पेरूचा वास पुढे आला, शेवटी घशात थोडी ऊब. त्यांनी तिसऱ्यांदा बोट लावलं नाही, चमचा मागितला.

घशाखाली उतरण्याचा अर्थ मला तेव्हा कळला. तळलेलं, चरबीचं मांस जिभेवर एक थर ठेवतं. आंबट तो थर पुसून पुढच्या घासाला जागा करतं. फळाचं काम गोड करण्याचं नव्हतंच.

२ ऑक्टोबरला दसरा झाला. ५ तारखेला आगेरा. मधल्या दोन दिवसांत साताऱ्याहून आई आली; सोमवारी कोजागरी होती आणि तिला नातवाबरोबर गच्चीवर दूध प्यायचं होतं. आई डुकराचं खात नाही. तिने मला कधी एका शब्दाने टोकलेलं नाही, पण तिच्यासाठी मी कढई, झारा, ताट सगळं वेगळं ठेवते. ते तिने न सांगता.

मांस शनिवारी सकाळी आणलं. पाठीकडचं बोनलेस, ज्याला दुकानात लॉइन म्हणतात. चॉप्सचंच मांस, हाड काढलेलं. दीड किलोचे अर्धा इंच जाडीचे तेरा काप करून घेतले, कडेला बोटभर चरबी ठेवूनच. ही चरबी काढायची नाही, तिथेच चव असते. पण दर दोन सेंटिमीटरवर तिला सुरीने छेद द्यायचे. तळताना चरबीची कड मांसाआधी आक्रसते आणि छेद नसले तर काप द्रोणासारखा वर वळतो, मधला भाग तेलात बुडतच नाही.

बडवायला दुधाच्या पिशव्या. धुऊन, तीन बाजूंनी कापून उघडल्या की त्यांच्यासारखं मजबूत प्लॅस्टिक नाही. दोन पिशव्यांमध्ये काप ठेवून खलबत्त्याच्या बत्त्याने मधून बाहेरच्या दिशेने बडवायचं, सरळ ठोकायचं नाही, नाहीतर मांसाला भोकं पडतात. सहा-सात मिलिमीटर जाडी झाली की पुरे. बत्त्याचा आवाज ऐकून मम्मी बाहेरून ओरडल्या, ‘हळू! फर्शी फोडशील.’ त्यांचा आवाज इतक्या दिवसांनी पूर्वीसारखा खणखणीत ऐकून मला फार बरं वाटलं.

मग मीठ. दीड किलोला साधारण तीन लहान चमचे, दोन्ही बाजूंनी सारखं, आणि काप ताटात एकावर एक न ठेवता, वर पातळ मलमल टाकून रात्रभर फ्रिजमध्ये. मिठाने आधी पाणी सुटतं, मग तेच खारं पाणी मांस परत ओढून घेतं, आणि फ्रिजच्या कोरड्या हवेत वरचा थर सुकतो. सकाळी हात लावला तर काप चिकट लागला, ओला नाही. व्हिनेगर मात्र मांसाला लावलं नाही. इंद्यालात ते चालतं कारण ते तासभर शिजतं. तळायच्या पातळ कापाला रात्रभर व्हिनेगर लावलं तर वरचा थर पिठूळ होतो.

चुरा मी या वेळी घरी केला. बेकरीतले आठ कडक पाव, दोन दिवसांचे, तुकडे करून ओव्हनमध्ये १२० अंशांवर पंचवीस मिनिटं सुकवले, आणि मिक्सर थांबत-थांबत फिरवून ज्वारीच्या कण्यांएवढा जाडसर ठेवला. अगदी बारीक चुरा घट्ट बसतो आणि कवच बिस्किटासारखं होतं. जाडसर चुऱ्याला टोकं राहतात, तीच कुरकुरतात. जपानी पांको तर म्हणूनच साल नसलेल्या पावाचा करतात. तो पाव भट्टीत न भाजता त्यातून वीज सोडून शिजवतात, त्यामुळे त्याला तपकिरी कड येतच नाही. चुरा गार झाल्याबरोबर स्टीलच्या डब्यात घट्ट बंद. त्यात तीन भागांना एक भाग जाड रवा मिसळला. रवा हा मम्मींचा आग्रह; घरात मासळीपासून सगळं रव्यात घोळवूनच तळतात. मी नाइलाजाने हो म्हटलं होतं, पण रव्याने कवच जास्त वेळ टिकलं हे मी स्वतः पाहिलं. आता मी रवा सोडणार नाही.

रविवारी चर्चमधल्या सकाळच्या मिसाहून, म्हणजे प्रार्थनेहून, लोंब्या घेऊन सगळे घरी आले तेव्हा अकरा वाजले होते. दारावर लोंबी लागली, आणि मी ओट्यावर तीन ताटं मांडली. पहिल्यात एक वाटी मैदा, त्यात दीड चमचा बॉटल मसाला आणि मिरपूड. मसाला इथेच घालायचा, चुऱ्यात नाही: चुऱ्यात घातला तर तो थेट तेलात जळतो आणि कडवटतो, मैद्यात घातला तर वरून अंड्याचं आणि चुऱ्याचं पांघरूण असतं. दुसऱ्या ताटात चार अंडी, चमचाभर पाणी आणि चमचाभर तेल घालून हलकी फेटलेली, फेस न येऊ देता. तिसऱ्यात चुरा. कोरड्या कामाला उजवा हात, अंड्याला डावा. मैदा लावून काप झटकायचा, अगदी पावडर लावल्यासारखा पातळ राहिला पाहिजे. जाड थर म्हणजे कवच सुटण्याची तयारी. अंड्यातून काढून निथळू द्यायचा. चुऱ्यात तळव्याने हलकं दाबायचं. मग सगळी कटलेटं ताटांत मांडून वीस मिनिटं फ्रिजमध्ये. या वीस मिनिटांत मैदा अंड्यातला ओलावा घेतो आणि तिन्ही थर एकमेकांना धरतात. पहिल्या दोन वेळी मी हे टाळलं होतं.

कढई मोठी, पसरट, लोखंडी. शेंगदाण्याचं तेल दोन बोटं खोल. थर्मामीटर मी मुद्दाम आणला होता, पण चुऱ्याचा एक कण टाकून बघायची मम्मींची रीतही तितकीच खरी निघाली: कण तळाशी जाऊन लगेच वर आला आणि भोवती बारीक बुडबुडे नाचले की १७० ते १७५ अंश. एका वेळी दोनच कटलेटं. पहिली बाजू अडीच मिनिटं, हात न लावता. उलटून दोन मिनिटं. दोन घाण्यांच्या मध्ये तेलात पडलेला चुरा गाळून काढायचा, नाहीतर तो काळा होऊन पुढच्याला चिकटतो. रंग नव्या गुळासारखा सोनेरी हवा. खारकेचा रंग आला म्हणजे उशीर झाला.

पहिलं कटलेट मधोमध कापून पाहिलं. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये डुकराच्या अख्ख्या कापासाठी आतलं तापमान ७१ वरून ६३ अंशांवर आणलं, वर तीन मिनिटं विसावा. पण आपल्याकडे डुकराच्या मांसातल्या फितकृमीची भीती खोटी नाही, मी ७१ च्या खाली उतरत नाही. एवढा पातळ काप चार-साडेचार मिनिटांत तिथे पोचतोच, आणि रात्रभरच्या मिठामुळे कोरडाही पडत नाही. आत पांढरं, रसरशीत, आणि कवच मांसाला धरून.

सुरी कवचावरून गेली तेव्हा जो आवाज आला, तो ऐकून मम्मी म्हणाल्या, ‘झालं.’

तेरा कटलेटांना सात घाणे लागले, म्हणजे अर्ध्या तासाच्या वर. झालेली जाळीवर, ओव्हनमध्ये १०० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून. झाकून ठेवली असती तर सगळ्या कष्टांवर पाणी पडलं असतं, अगदी शब्दशः. शेवटचा घाणा निघेपर्यंत एका सपाट तव्यावर लोण्यात गोल्डन सफरचंदाच्या चकत्या दोन्ही बाजूंनी परतल्या, अर्धा सेंटिमीटर जाड, वर चिमूटभर मीठ. चकती कडेला लालसर आणि मधे अजून कचकचीत असतानाच काढायची. प्रत्येक कटलेटावर एक चकती, बाजूला सॉसची वाटी, आणि मधोमध परातीत फुगे. फुगे मात्र नणंदेने केले. तो हात माझा नाही.

जेवायला अकरा माणसं होतो. बोलणं पहिली पाचेक मिनिटं थांबलं होतं, नुसता कवच मोडण्याचा आवाज. लेकाने दोन खाल्ली आणि तिसऱ्यावर डोळा ठेवला. नवरा सॉस फुग्याला लावून खात बसला. मम्मींनी कटलेटाचा तुकडा सॉसमध्ये बुडवला, चावला, आणि आता त्या काहीतरी सांगणार म्हणून मी पाण्याचा तांब्या हातात धरून उभीच राहिले. त्या म्हणाल्या, ‘मीठ चिमूटभर जास्त. पुढच्या टायमाला अडीच चमचे.’ मग ताट पुढे सरकवून म्हणाल्या, ‘अजून एक दे.’

मीठ खरंच चिमूटभर जास्त होतं. वहीत मी तीनचं अडीच केलं आहे.

आईसाठी भाकरी, भरली वांगी आणि दही वेगळं केलं होतं. ती माझ्या शेजारीच बसली होती. मम्मींनी सॉसची दुसरी वाटी तिच्याकडे सरकवली. ‘घ्या विहीणबाई, ह्यात फळंच हयत. वेगळ्या कढईत केलंय तिनं, मी बघितलंय.’ आईने भाकरीच्या तुकड्याला लावून चाखलं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग तुकडा पुन्हा बुडवला, आणि वाटी स्वतःकडेच ठेवून घेतली.

सोमवारी उरलेलं एक कटलेट लेकाच्या डब्यात पावात गेलं, सॉस लावून. कवच मऊ पडलं होतं, तरी त्याची तक्रार नव्हती. मंगळवारी पहाटे आई निघायची होती. कोजागरीचं दूध आटवत मी ओट्याशी उभी असताना ती आत आली आणि विचारू लागली, पेरू अर्धा कच्चाच घ्यायचा ना, आणि व्हिनेगर किती म्हणालीस? तीन चमचे, मी म्हटलं, मोठे. मम्मी खुर्चीतून उठल्या, भिंतीला धरून कपाटापर्यंत गेल्या, आणि धुऊन वाळवलेली एक रिकामी तपकिरी बाटली काढून मला दिली. मी चिंचोळ्या तोंडाचं नरसाळं शोधलं आणि उरलेला सॉस तिच्यात ओतला. पाऊण बाटली भरली.